गुणपत्रिकेवरचे डाग आणि डॉक्टर होण्याची वाट

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



समितीची मंडळी आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, "तुमची मुलगी अमेरिकेत डॉक्टर झाली. ती कशी झाली ते आपल्या पोरांना सांगा." आम्ही लगेच हो म्हटले. पण रात्री आम्हा दोघांनाही झोप लागेना. कारण लोकांना जी गोष्ट ऐकायची असते ती एक, आणि जी घडली ती दुसरीच. लोकांना ऐकायचे असते की मुलगी हुशार होती, आईबापांनी कष्ट केले आणि ती डॉक्टर झाली. घडले असे की मुलगी कॉलेजात दोन वर्षे घसरत गेली, आम्ही ते नात्यागोत्यापासून लपवले, पहिल्या खेपेला बावीस कॉलेजांनी तिला नकार दिला, आणि दुसऱ्या खेपेला एकाने घेतले. आज आम्ही ही दुसरी गोष्ट सांगणार आहोत. मुलीला फोन करून परवानगी विचारली. ती म्हणाली, "सांगा ना बाबा. पण केमिस्ट्रीतला डी सांगायला विसरू नका."

आमच्यापैकी बोलणार एकच आहे. दुसऱ्याने शेजारी बसून चुका काढायच्या, असे घरीच ठरले आहे.

आम्ही दोघेही नागपूरचे, याच वस्तीत वाढलो. या विहाराच्या मागच्या खोलीत तेव्हा शंभराचा एकच बल्ब होता, आणि त्याच्याखाली पंधरा-वीस पोरे अभ्यासाला बसत. वाचता वाचता कोण कोणाच्या खांद्यावर झोपला याचा पत्ता नसे. पुढे इंजिनिअरिंग झाले, नोकरी लागली. १९९८ साली संगणकातल्या सन दोन हजारच्या घोळाचे काम निघाले आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही न्यू जर्सीला गेलो. आम्ही शिकलो ते आरक्षणामुळे. त्याची आम्हाला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पण कॉलेजात पाठीमागून "सवलतीवाले" हा शब्द कानावर यायचा. त्याने एक खोड लागली. आपल्याला जे येत नाही ते कोणाला दिसू द्यायचे नाही. वर्गात समजले नाही तरी मान हलवायची आणि रात्री एकट्याने झगडायचे. अमेरिकेला जाताना आम्ही दोन पेट्या नेल्या. ही खोडही बरोबर गेली, आणि ती आम्ही नकळत मुलीला दिली. आजच्या भाषणाचे मूळ तिथे आहे.

आता तिथली पद्धत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. अमेरिकेत काही थोडे जोड-अभ्यासक्रम सोडले तर बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यायची. पदवी कुठल्याही विषयाची चालते, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र हे विषय बहुतेक कॉलेजांना प्रयोगशाळेसकट लागतात. त्यानंतर चार वर्षे मेडिकल, आणि त्यानंतर तीन ते सात वर्षे रेसिडेन्सी. पदवीच्या प्रत्येक विषयाला अक्षर मिळते. ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन, सी दोन, डी एक आणि एफ म्हणजे शून्य. त्या आकड्याला विषयाच्या क्रेडिटने गुणून सरासरी काढतात, तिला जी.पी.ए. म्हणतात. विज्ञान-गणिताच्या विषयांची सरासरी वेगळी काढतात आणि वर्षावर्षाची सुद्धा वेगळी काढतात. त्याशिवाय एम्‌कॅट नावाची परीक्षा असते. ती ४७२ ते ५२८ गुणांच्या पट्टीवर मोजतात, मधला आकडा ५००. सुट्ट्या धरून जवळजवळ साडेसात तास मुलगा परीक्षेच्या जागी अडकलेला असतो.

स्पर्धा किती आहे म्हणाल तर २०२३ साली एम.डी. कॉलेजांना सुमारे ५२ हजार मुलांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना जागा मिळाली. जागा मिळालेल्यांची सरासरी जी.पी.ए. ३.७७ होती आणि एम्‌कॅट ५११-५१२ च्या घरात. म्हणजे जवळजवळ सगळे ए आणि अधूनमधून एखादा बी.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्याकडे नीटचा एक दिवस सगळे ठरवतो. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात खुल्या वर्गाला ५० टक्के आणि आपल्या मुलांना ४० टक्के मिळाले की पात्रता झाली, पुढे सगळे नीटच्या ७२० गुणांवर. तिथे चार वर्षांतला प्रत्येक सोमवार मोजला जातो. आणि तिथला डाग पुसता येत नाही. नापास झालेला विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, तरी एम.डी. च्या अर्जात जुना ग्रेडही धरतात आणि नवाही धरतात.

आता आमच्या घरची गोष्ट.

मुलगी २०१२ साली राज्य विद्यापीठात गेली. शाळेत ती पहिल्या पाचात असायची. आमच्या मनात ती त्याच दिवशी डॉक्टर झाली होती. आजीने तर इथे वस्तीत पेढेसुद्धा वाटले होते. पहिल्या सहामाहीनंतर आम्ही फोनवर विचारायचो, "कसं चाललंय?" ती म्हणायची, "ठीक." अमेरिकेत मूल कॉलेजात गेले की कायद्याने त्याचे गुण त्याच्या परवानगीशिवाय आईबापांना कळवत नाहीत. त्यामुळे "ठीक" या एका शब्दावर आम्ही दीड वर्ष काढले.

२०१४ च्या जानेवारीत घरी बिल आले. फीची रक्कम नेहमीपेक्षा बरीच जास्त होती. शिष्यवृत्तीसाठी ३.० ची सरासरी लागत होती, ती राहिली नाही म्हणून शिष्यवृत्ती बंद. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर तिने सगळे सांगितले. पहिल्या वर्षी रसायनात सी. दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनात डी. भौतिकशास्त्र अर्ध्यावर सोडलेले. औषधाच्या दुकानात आठवड्याला वीस तास काम, आणि ते किती तास आहे तेही आम्हाला खोटे सांगितलेले. ती रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, "आई, मला समजत नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही."

आता आम्ही काय म्हणावे? "का विचारलं नाहीस?" असे म्हणायला पाहिजे होते. "आता काय करायचं?" असे म्हणायला पाहिजे होते. आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते, "हे कोणाला सांगू नकोस." बंधू-भगिनींनो, ते वाक्य आम्हाला आजही बोचते. पोरगी पाण्यात बुडत होती आणि आम्ही तिला म्हणालो, ओरडू नकोस, लोक ऐकतील.

तिच्या पुढच्या सुधारणेचे श्रेय आमचे नाही, तिचे आहे. तिकडच्या कॉलेजात एक चांगली पद्धत आहे. प्रत्येक प्रोफेसर आठवड्यातून काही तास आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून बसतात. कुठल्याही विद्यार्थ्याने यावे आणि न समजलेले विचारावे. दोन वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. तिला वाटायचे, गेले तर कळेल की मला येत नाही. तिसऱ्या वर्षी ती गेली. पहिल्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत आली, दुसऱ्या आठवड्यात आत गेली. प्रोफेसरांनी तिची उत्तरपत्रिका पाहून सांगितले की तू पाठ करतेस, गणित सोडवून बघत नाहीस. एवढेच. पण एवढे सांगायला कोणीतरी पाहिजे होते. तिने दुकानातले तास वीसवरून आठ केले. एका सहामाहीत पाच विषय घ्यायची ते चारवर आणले, आणि राहिलेले उन्हाळ्यात पुरे केले. चार मुलींचा गट केला. रोज एकीने बाकीच्यांना शिकवायचे, आणि जिथे शिकवताना अडेल तिथे आपल्याला समजलेले नाही असे धरायचे.

आता हिशेब ऐका, कारण हा हिशेब फार निर्दय असतो आणि तो आधी माहीत असलेला बरा. पहिल्या दोन वर्षांची ६० क्रेडिट, सरासरी २.६. पुढच्या दोन वर्षांची ६० क्रेडिट, सरासरी ३.६. पुढची दोन वर्षे इतकी चांगली गेली, तरी चारही वर्षांची मिळून सरासरी आली ३.१०. २०२३ साली ज्यांना जागा मिळाली त्यांची ३.७७. म्हणजे घसरायला दोन वर्षे लागतात आणि तेवढेच वर यायला दोन वर्षे पुरत नाहीत. म्हणून मुलांनो, घसरण सुरू झाली की पहिल्याच चाचणीला बोला, वार्षिक परीक्षेची वाट पाहू नका.

२०१६ साली ती पदवीधर झाली. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तिला स्पष्ट सांगितले, यावर्षी अर्ज करू नकोस, तुझी चढती कमान अजून लहान आहे, एक-दोन वर्षे थांब, आणखी विषय घेऊन दाखव. तिला ते पटले होते. पटले नाही ते आम्हाला. आमच्या डोक्यात एकच, बरोबरीची मुले पुढे गेली, वस्तीत काय सांगायचे? "वर्ष वाया जाईल" हे आमचे पालुपद. तिने घाईघाईने एम्‌कॅट दिली, ४९९ आले. अर्ज आम्ही भरायला लावला. बावीस कॉलेजे. तिथे प्रत्येक कॉलेजाची फी वेगळी, शिवाय कॉलेज आणखी निबंध मागते त्याची फी वेगळी. सगळे मिळून काही हजार डॉलर गेले.

आणि एक गोष्ट याहून वाईट केली. अर्जाबरोबर एक निबंध लिहावा लागतो, मला डॉक्टर का व्हायचे आहे असा. त्यात पडलेल्या गुणांचा खुलासा करता येतो. आम्ही सुचवले, "आजीच्या आजाराचं लिही." आजी आजारी होती हे खरे. पण ती आजारी पडली २०१४ च्या उन्हाळ्यात. डी आला होता त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. मुलीने आमच्याकडे पाहिले आणि लिहिले. रोज विहारात पंचशील म्हणणारे आम्ही, चौथ्या शीलाचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता असे नाही.

बावीसपैकी एकानेही मुलाखतीला बोलावले नाही. २०१७ च्या वसंतापर्यंत नकार येतच राहिले. तिकडे नकारही फार नम्र भाषेत येतो.

त्याच दिवसांत आम्ही तिघे एका रविवारी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेलो. तिथल्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. पुतळ्यासमोर उभे असताना तिने अचानक विचारले, "बाबा, बाबासाहेबांना मॅट्रिकला किती मार्क होते?" उत्तर आम्हाला पाठ होते. १९०७ ची मॅट्रिक, ७५० पैकी २८२. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे अडतीस टक्केसुद्धा नाही." आम्ही तिला सांगितले, तेवढ्या गुणांचाही समाजाने सत्कार केला होता, कारण ते कुठून आले होते ते लोकांना माहीत होते. मग पुढचे सांगितले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत केला, पुन्हा लिहून आणायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

याचा अर्थ कमी मार्क पडले तरी चालते असा कोणी काढू नका. आमच्या आयुष्यात आम्ही बाबासाहेबांचे नाव घेऊन आळस झाकणारेही पाहिले आहेत. अर्थ एवढाच की खंड पडला, प्रबंध परत आला, तरी त्यांनी ते लपवले नाही आणि सोडलेही नाही. जिथे थांबले होते तिथूनच उचलले. गाडीत परत येताना मुलगी म्हणाली, "मी पुन्हा अर्ज करणार आहे. पण आता घाई करायची नाही, आणि निबंधात तुम्ही हात घालायचा नाही." आम्ही दोघे गप्प बसलो. पटले म्हणूनच गप्प बसलो.

तिने पहिले काम केले ते हे, नकार देणाऱ्या कॉलेजांना पत्रे लिहिली की माझ्या अर्जात काय कमी होते ते सांगाल का. बहुतेकांनी उत्तर दिले नाही, तीन-चार जणांनी दिले. सगळ्यांचा अर्थ एकच होता. चढती कमान चांगली आहे पण थोडी आहे. एम्‌कॅट तिला पाठिंबा देत नाही. आणि निबंध कारणे सांगतो, जबाबदारी घेत नाही. नकार देणाऱ्याकडे जाऊन "माझी चूक दाखवा" म्हणणे, हे आमच्या खोडीच्या अगदी उलट होते.

तिथे पदवीनंतर सुटे विषय घेऊन आपली नोंद सुधारण्याची सोय असते, तिला पोस्ट-बॅक म्हणतात. काही विद्यापीठांचे खास एक-दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रमही असतात, पण ते महाग, आणि तिथले गुण पदवीच्या सरासरीत मिळत नाहीत, वेगळे दाखवतात. तिने स्वस्तातला मार्ग धरला. राज्य विद्यापीठात संध्याकाळचे वर्ग. सेंद्रिय रसायन पुन्हा, भौतिकशास्त्र पुन्हा, शिवाय जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र आणि आनुवंशिकी. दोन वर्षांत ३० क्रेडिट, सरासरी ३.९.

यातही एक ठेच लागली. तिथे डॉक्टरकीच्या दोन पदव्या आहेत, एम.डी. आणि डी.ओ. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक. काही जण इथे आम्हाला विचारतात, तो खरा डॉक्टर का? तर हो. पन्नासही राज्यांत तो औषध लिहू शकतो, शस्त्रक्रिया करू शकतो, आणि २०२० पासून दोघांची रेसिडेन्सीची व्यवस्थाही एकच आहे. या डी.ओ. कॉलेजांच्या अर्जात पूर्वी पुन्हा घेतलेल्या विषयाचा जुना ग्रेड काढून नवाच धरत. तिने सेंद्रिय रसायन पुन्हा घेतले ते याच हिशेबाने. आणि १ मे २०१७ पासून तो नियम बदलला, जुना-नवा दोन्ही धरायला लागले. म्हणजे डी काही गेला नाही. तीन दिवस ती कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "ठीक आहे. तो राहू दे. त्याच्यापुढे काय लिहिलंय ते वाचतील." एकूण सरासरी ३.१० ची झाली ३.२६. दोन वर्षांच्या घामाचे सोळा शतांश. पण वर्षावर्षाचा तक्ता पाहिला की २.६, मग ३.६, मग ३.९ असा जिना दिसत होता. एम्‌कॅट दुसऱ्यांदा दिली, यावेळी सात महिने तयारी करून. ५११ आले.

याच काळात ती एका इस्पितळात काम करत होती. आधी रुग्णांच्या खुर्च्या ढकलायचे काम, नंतर डॉक्टरांच्या मागे उभे राहून रुग्णाचे टिपण लिहायचे काम. तिथे एकदा एक म्हातारी आजी आली होती, इंग्रजी बेताचेच. डॉक्टर विचारतील त्याला ती मान हलवून "यस, यस" म्हणायची. डॉक्टर समाधानाने निघाले. मुलगी थांबली. तिने पाहिले की त्या आजीला काहीच कळलेले नाही, ती फक्त मान हलवते आहे. कारण दोन वर्षे वर्गात हिनेही हेच केले होते. तिने डॉक्टरांना परत बोलावले, दुभाष्याची सोय झाली. तेव्हा निघाले की आजी गोळ्या दिवसातून दोनदाऐवजी एकदाच घेत होती. मुलीने दुसऱ्या वेळचा निबंध यावर लिहिला. त्यात आमच्या आजीचा आजार नव्हता. मी मान हलवत होते, म्हणून मान हलवणारा रुग्ण मला ओळखता येतो, एवढेच होते.

२०१८ च्या जूनमध्ये, अर्ज सुरू होताच पहिल्या आठवड्यात तिने अर्ज केला. तिथे जागा आल्या अर्जाप्रमाणे भरत जातात, उशीर झाला की जागा कमी. यावेळी अठराच कॉलेजे, दहा एम.डी. आणि आठ डी.ओ. चार ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले. एका मुलाखतीत सरळ विचारले, "दुसऱ्या वर्षी काय झालं?" तिने तीन वाक्यांत सांगितले. मला समजत नव्हते आणि मी लपवले. नंतर मी विचारायला शिकले आणि अभ्यासाची रीत बदलली. त्यानंतरचे माझे गुण समोर आहेत. पुढचा प्रश्न दुसऱ्याच विषयावर आला. जो डाग आपण तीन वाक्यांत सांगू शकतो, त्याच्यावर समोरचा माणूस फार वेळ बोट ठेवत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

एका एम.डी. कॉलेजाने प्रतीक्षा यादीत ठेवले, तिथे नंबर लागला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत एका डी.ओ. कॉलेजाचे पत्र आले. २०२३ मध्ये ती डॉक्टर झाली आणि फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीला लागली. कर्ज डोक्यावर आहे, ते ती फेडेल. आजी ते पाहायला राहिली नाही. पण आजीला आम्ही शेवटी सगळे खरे सांगितले होते. आजी म्हणाली, "एवढंच होय? मला वाटलं पोरगी आजारी आहे."

तेव्हा, आमच्या मुला-मुलींनो आणि पालकांनो, या गोष्टीतून इथे काय घ्यायचे?

पहिले म्हणजे, कोणाला वाटत असेल की आपणही इथून उठून तिथे मेडिकलला जाऊ, तर तो नाद सोडा. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी एम.डी. कॉलेजे तिथे थोडी आहेत आणि खर्च आवाक्याबाहेरचा आहे. आपला मार्ग इथला आहे. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. बारावीला थोडे कमी पडले, पात्रतेपुरते मिळाले, तर ती गुणपत्रिका तुमच्या मानगुटीवर बसत नाही. नीट पुन्हा देता येते. वयाची वरची अटही २०२२ साली काढून टाकली आहे. तेव्हा एक वर्ष थांबणाऱ्या पोराला "वर्ष वाया घालवलं" म्हणू नका. पण थांबायचे तर मागच्या वर्षी काय चुकले ते कागदावर लिहून थांबा. तेच पुस्तक, तीच खोली, तीच रीत, असे दुसरे वर्ष काढले तर निकालही तोच येतो.

दुसरे, कमी गुण पडले की दलाल दारात येतात. तिकडे अमेरिकेत गुण कमी असलेल्यांना कॅरिबियन बेटांवरची कॉलेजे खुणावतात. प्रवेश सोपा, फी भरमसाट, आणि मध्येच गळणारी मुले पुष्कळ. इकडे परदेशातल्या एम.बी.बी.एस. च्या जाहिराती असतात. त्यासाठी २०१८ पासून नीट पात्र होणे लागतेच, आणि परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. चांगली कॉलेजे नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण घर गहाण टाकण्याआधी तिथून शिकून आलेल्या दोघा-चौघांना गाठून विचारा, दलालाला नव्हे.

तिसरे पालकांसाठी. मूल "ठीक" म्हणाले की तिथेच थांबू नका. पण पोलिसासारखेही विचारू नका. "आज काय समजलं नाही?" असे विचारा. न समजणे ही रोजची गोष्ट आहे असे मुलाला वाटले पाहिजे. आपल्या लोकांना बाहेर पुष्कळ टोमणे ऐकावे लागतात, त्याला इलाज आपल्या एकट्याच्या हातात नाही. पण त्या टोमण्यांच्या भीतीने आपणच आपल्या पोरांना मुके करायचे, हे तरी थांबवता येईल.

शेवटी विहार समितीला एक विनंती. मागची अभ्यासिका आता छान झाली आहे, ट्यूबलाइट आहेत, पंखे आहेत, पुस्तकांची कपाटे आहेत. तिथे दर रविवारी दोन तास दार उघडे ठेवून कोणीतरी बसावे. आपल्या वस्तीत आता शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, मेडिकलची मुलेही आहेत. पाळीपाळीने बसावे. शिकवणी नको, भाषण नको. ज्याला जे समजले नाही ते त्याने येऊन विचारावे, आणि विचारणाऱ्याला कोणी हसू नये, एवढाच नियम. आम्ही नागपुरात आहोत तोवर पुढचे तीन रविवार आम्ही दोघे बसतो. गणित आणि भौतिकशास्त्र आम्हाला जमेल. सेंद्रिय रसायनासाठी मात्र मुलीला फोन लावावा लागेल. तिला ते आता चांगले येते, दोनदा शिकलेली आहे.